नांगर कशाने धरतो?

शाळेच्या स्मरणिकेत शिक्षकाने आठवणी लिहाव्यात, गुणवंतांची नावे घ्यावीत आणि संस्थेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. ते काम या अंकात आमचे सहकारी आमच्याहून चांगले करतील. आम्ही संपादक मंडळाची परवानगी घेऊन एका निराळ्याच विषयावर लिहीत आहोत. होडी नांगरताना नांगराला साखळी लावावी की दोर, हा तो विषय होय. इतिहासाच्या शिक्षकाला त्याच्याशी काय कर्तव्य, असे वाचकांना वाटेल. परंतु आमच्या वसतिगृहात जशी डोंगरातल्या वाड्यांवरची मुले येतात, तशी किनाऱ्यावरच्या गावांतूनही येतात. आणि किनाऱ्यावरच्या मुलाचे शिक्षण पुष्कळदा घरच्या होडीच्या नांगरावर अवलंबून असते, हे आम्ही इतक्या वर्षांच्या नोकरीत जवळून पाहिले आहे.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. त्यात बहुधा ‘घरगुती अडचण’ हे दोन शब्द लिहिले जातात. या दोन शब्दांमागे काय काय दडलेले असते, ते दाखला लिहिणाऱ्यालाच ठाऊक. काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाच्या दाखल्यावर आम्ही हेच दोन शब्द लिहिले. त्यामागे एक झिजलेला दोर होता.

त्या मुलाच्या वडिलांची लहानशी इंजिनाची होडी होती, तीही मासळीच्या व्यापाऱ्याकडून उचल घेऊन बांधलेली. गावाला धक्का नाही, किनारा उघडा. त्यामुळे होड्या पाण्यातच नांगरून ठेवण्याची रीत. मे महिन्याच्या अखेरीस, होड्या पावसाळ्यासाठी खाडीत आणण्याची लगबग सुरू असतानाच, एका रात्री वळवाचा वारा सुटला. पहाटे होडी खडकावर फुटलेली सापडली. पुढे मोठ्या ओहोटीला नांगरही मिळाला. तो टाकला होता तिथेच, तसाच रुतलेला होता. त्याला दोन-तीन वाव दोर लागलेला होता आणि त्या दोराचे टोक ताणाने तुटलेले दिसत नव्हते. ते घासून घासून विस्कटलेले होते. तळाच्या खडकाच्या धारेवर दोर रात्रभर करवतीसारखा मागेपुढे होत राहिला असावा. नांगराने आपले काम केले होते. दगा दिला तो नांगर आणि होडी यांच्यामधल्या दुव्याने.

दाखला न्यायला वडील आले तेव्हा फार बोलले नाहीत. सही करून झाल्यावर त्यांनी एकच विचारले, “सर, साखळी असती तर होडी राहिली असती काय?” मुलगा शेजारी उभा होता. तो दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाणार होता. त्या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी आमच्याजवळ नव्हते. पुढे आम्ही ते शोधले. काही पुस्तकांतून मिळाले, काही वृद्ध तांडेलांकडून आणि काही व्यापारी जहाजांवर नोकरी करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांकडून.

इतिहासाच्या माणसाची सुरुवात जुन्या अवशेषांपासून व्हायची. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः द्वारकेच्या परिसरात, समुद्राच्या तळाशी दगडी नांगर सापडले आहेत. त्या दगडांना भोके आहेत. भोकातून दोर ओवला जाई. दगड राहिला, भोक राहिले, दोर मात्र कुजून गेला. काय टिकते आणि काय टिकत नाही, याचा पहिला धडा त्या भोकात आहे. साखळीची कल्पनाही काही आजची नव्हे. इसवी सनापूर्वी 56 या वर्षी ज्युलियस सीझरने आजच्या फ्रान्सच्या वायव्य किनाऱ्यावरील व्हेनेटी या दर्यावर्दी जमातीशी लढाई केली. त्यांच्या जहाजांचे वर्णन करताना त्याने मुद्दाम नोंदवले आहे की हे लोक नांगराला दोराऐवजी लोखंडी साखळ्या लावतात. परंतु लोखंड महाग आणि साखळी घडवणे कष्टाचे. पुढची कित्येक शतके जगभरची मोठमोठी जहाजे तागासारख्या तंतूंच्या जाडजूड दोरांवरच नांगरली जात राहिली.

त्या दोरांची मर्यादा कुठे उघडी पडली, तेही इतिहासात नोंदलेले आहे. 1768 साली बूगँव्हिल हा फ्रेंच दर्यावर्दी ताहिती बेटाच्या किनाऱ्याला लागला. तिथला तळ प्रवाळाचा. प्रवाळाच्या धारांनी त्याच्या जहाजांचे दोर एकामागून एक कापले आणि थोड्याच दिवसांत त्याला अनेक नांगर गमवावे लागले. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांवर जी पाळी आली, तीच एका राजाने पाठवलेल्या सुसज्ज मोहिमेवरही आली होती. पुढे ब्रिटिश नौदलातील सॅम्युअल ब्राउन या अधिकाऱ्याने लोखंडी साखळीचा ध्यास घेतला. 1808 साली त्याने तिचे पेटंट मिळवले आणि ‘पेनेलोपी’ नावाचे जहाज साखळ्यांसह वेस्ट इंडीजच्या सफरीवर नेऊन तिची परीक्षा घेतली. त्यानंतर नौदलाने दोर सोडून हळूहळू साखळी स्वीकारली. याच ब्राउनने साखळीवर तोललेले पूलही बांधले. ट्वीड नदीवरचा त्याचा 1820 सालचा पूल अजून उभा आहे. साखळीचा प्रसार झाला तशी वाईट साखळीही बाजारात आली. म्हणून 1864 साली ब्रिटनमध्ये कायदा करून, विक्रीपूर्वी नांगर आणि साखळ्या ताण देऊन तपासणे सक्तीचे करावे लागले. कारण साखळीची एकच कडी कच्ची निघाली, तर उरलेल्या सगळ्या पक्क्या कड्यांचा उपयोग शून्य होतो.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाता येत नाही. आपल्याकडे कोकणात काथ्याचे दोर वळले जात आणि देशावर अंबाडी व घायपाताचे. देशावर हे दोर वळण्याचे काम गावगाड्याने मातंग समाजाकडे सोपवले होते. विहिरीवरच्या मोटेचा दोर त्यांनीच वळायचा. त्या दोराने वर आलेल्या पाण्याला मात्र त्यांनी शिवायचे नाही. ज्या हातांच्या पिळावर गाव विसंबले, त्या हातांचे कसब कोणी विद्या म्हणून नोंदवले नाही. दगडी नांगर संग्रहालयात जातो, साखळीचे पेटंट एका अधिकाऱ्याच्या नावावर लागते. दोर वळणाऱ्याचे नाव दोराबरोबरच कुजून जाते. तीन पेडांचा दोर एकसारख्या पिळाने वळणे ही तोललेली, मोजलेली विद्या आहे. ती आमच्या मुलांनी विद्या म्हणूनच शिकावी, असे आम्हांला वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नांगर होडीला केवळ आपल्या वजनाने धरत नाही. हा समज फार पसरलेला आहे आणि तो धोक्याचा आहे. नांगराच्या नख्या तळात रुततात, म्हणून तो धरतो. त्या रुतून राहण्यासाठी ओढ तळाला शक्य तितकी समांतर, म्हणजे आडवी यावी लागते. ओढ वरच्या दिशेने येऊ लागली की नख्या उकरल्या जातात आणि नांगर घसरू लागतो. शेतातला नांगर आणि समुद्रातला नांगर यांना आपल्या भाषेत एकच शब्द आहे. औताचा नांगर मुठीला दाबला की खोल जातो आणि उचलला की वर येतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

साखळीचा मोठा गुण येथे कामास येतो. ती जड असल्यामुळे तिचा पुष्कळ भाग तळावर लोळत राहतो आणि उरलेला भाग झोळासारखा वर चढतो. वारा वाढला की आधी तो झोळ सरळ व्हावा लागतो. तोवर नांगराला आडवीच ओढ बसते. शिवाय खडक असो वा शिंपल्यांची धार असो, साखळी त्यांवर घासून सहसा कापली जात नाही. दोष दोन. पहिला वजनाचा. 10 मिलिमीटर जाडीची साखळी दर मीटरला साधारण सव्वादोन किलो भरते. 40 मीटर साखळी म्हणजे सुमारे 90 किलो. लहान होडीच्या पुढच्या टोकात एवढे वजन ठेवले तर होडी नाक खुपसून चालते, आणि यंत्रावाचून ती साखळी रोज हाताने ओढायची तर पाठ मोडते. दुसरा दोष वादळात कळतो. वारा फारच वाढला आणि झोळ पुरता सरळ झाला की साखळी लोखंडी गजासारखी ताठ होते. मग प्रत्येक लाटेचा हिसका जसाच्या तसा नांगराला आणि होडीच्या खुंट्याला बसतो.

दोराचा गुण नेमका उलट आहे. नायलॉनचा चांगला दोर जोराची ओढ बसली की 15-20 टक्के लांबतो आणि ओढ सैल झाली की पुन्हा आखडतो. लाटेचा हिसका तो स्वतःच्या अंगात जिरवतो. तो हलका असतो. 16 मिलिमीटर जाडीचा 56 मीटर दोर नऊ-दहा किलोंत बसतो. परंतु खडकावर तो घासतो, होडीच्या काठावर घासतो, उन्हाने कमजोर होतो आणि हलका असल्यामुळे तळावर लोळत नाही. म्हणून त्याला साखळीपेक्षा अधिक लांबी सोडावी लागते. बाजारात स्वस्त मिळणारा पॉलिप्रॉपिलीनचा दोर तर पाण्यावर तरंगतो. नांगराची ओढ आडवी राखायला त्याची मदत होत नाही आणि वर तरंगणारा दोर शेजारच्या होडीच्या पंख्यात अडकतो तो वेगळाच.

लांबी किती सोडावी, याचा हिशेब आम्ही गणिताच्या सहकाऱ्यांकरवी दहावीच्या वर्गात फळ्यावर करून घेतो. दोर असेल तर खोलीच्या सातपट आणि संपूर्ण साखळी असेल तर पाचपट, असा साधारण ठोकताळा आहे. परंतु खोली कोणती? समजा ओहोटीला पाणी 4 मीटर आहे. उधाणाच्या भरतीला ते 3 मीटर चढते. होडीचे पुढचे टोक पाण्यापासून 1 मीटर उंच आहे. म्हणजे हिशेबाची खोली 8 मीटर झाली; दोर हवा 56 मीटर, साखळी हवी 40 मीटर. जो ओहोटीचे 4 मीटर पाहून 28 मीटर दोर सोडून घरी जातो, त्याच्या होडीला रात्रीच्या भरतीत साडेतीनपटच दोर उरतो. दोर सरळ ताणला असे धरले, तर सातपट लांबीला तो तळाशी सुमारे 8 अंशांचा कोन करतो आणि साडेतीनपट लांबीला जवळजवळ 17 अंशांचा. मुले ज्या पुस्तकातून त्रिकोणमिती शिकतात, तिचा उपयोग बापाची होडी राखायला होतो हे कळले की वर्गातली शेवटची रांगही मान वर करते.

दोन्हींचे गुणदोष मांडल्यावर उत्तर आपोआप दिसू लागते. जिथे घासण्याची भीती, तिथे साखळी; जिथे हिसका जिरवायचा, तिथे दोर. म्हणजे नांगराजवळ काही मीटर साखळी आणि तिच्यापुढे होडीपर्यंत नायलॉनचा दोर. वरच्याच उदाहरणात 6 मीटर साखळी आणि 50 मीटर दोर यांचे मिळून वजन बावीस-तेवीस किलो होते. ते दोन माणसांना ओढता येते. तळ चिखलाचा असेल, जसा आपल्या खाड्यांतून असतो, तर आखूड साखळीही भागते. हर्णैसारख्या बंदरात, जिथे होड्या उघड्यावर नांगरून मासळी लहान होड्यांनी आणि बैलगाड्यांनी किनाऱ्यावर आणण्याची रीत आहे, तिथे तळ पाहून साखळीची लांबी वाढवावी लागते. तळावर खडक विखुरलेले असतील तर वारा फिरल्यावर होडी जेवढ्या घेरात फिरेल, तेवढ्या घेरात तळाला टेकणारा सगळा भाग साखळीचा असलेला बरा. आणि ज्या मोठ्या नौकेवर साखळी ओढायला यंत्र आहे, तिने सगळीच साखळी वापरावी. पण नांगरून झाल्यावर साखळीला नायलॉनचा एक आखूड दोर अडकवून ओढ त्याच्यावर घ्यावी, म्हणजे हिसका तो खातो.

त्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. तळाशी थोडी साखळी असती तर त्या रात्री दोर खडकावर घासला नसता. होडी वाचलीच असती, असे छातीठोक सांगता येत नाही. परंतु ज्या कारणाने ती गेली, ते कारण उरले नसते. आम्ही हे उत्तर त्यांच्या घरी जाऊन त्यांना सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे सगळी साखळी नको होती, सर. सहा मीटरच हवी होती.” त्यावर आम्हांला बोलायला काही उरले नाही.

साखळी आणि दोर आणले म्हणजे काम संपत नाही. दोन्ही जिथे जोडले जातात, तिथे खरी परीक्षा असते. दोराला साधी गाठ मारली की गाठीच्या जागी त्याची ताकद कधी कधी जवळजवळ निम्म्यावर येते. पेड उकलून ते परत दोरातच विणून सांधा केला, तर साधारण नऊ-दशांश ताकद शिल्लक राहते. त्या सांध्याच्या वळशात धातूचे खोबणीदार कडे बसवावे, म्हणजे साखळीची कडी दोराला कापत नाही. जोडणाऱ्या शॅकलची खीळ तारेने बांधून टाकावी. लाटांच्या हालचालीने ती आपोआप सुटते. होडीच्या काठावर दोर जिथे घासतो, तिथे जुन्या रबरी नळीचा तुकडा किंवा जाड फडके गुंडाळावे. साखळीवर जस्ताचा मुलामा असावा आणि एखादी कडी झिजून जाडीत दशांशाने कमी झाली की साखळी बदलावी. शेवटची गोष्ट आम्हांला एका माजी विद्यार्थ्याने सांगितली. साखळीचे होडीतले टोक लोखंडाने पक्के करू नये, ते दोराने बांधावे आणि जवळ धारदार सुरी ठेवावी. जीव वाचवण्यासाठी नांगर सोडून पळण्याची वेळ आली, तर साखळी कापता येत नाही, दोर कापता येतो.

अशी वेळ येते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा खाडीत आणून बांधलेल्या होड्यांचेही नुकसान झाले. पुढच्याच वर्षी तौक्ते वादळात, 17 मे 2021 रोजी, मुंबईजवळच्या समुद्रात ‘पी-305’ ही निवासी बार्ज नांगर सुटून भरकटली आणि बुडाली. तिच्यावर 261 माणसे होती. त्यांतली कित्येक परतली नाहीत. म्हणून हवामान खात्याचा इशारा मिळाल्यावर साखळी-दोराचा हिशेब करत बसू नये. होडी आडोशाला न्यावी आणि माणसांनी किनारा गाठावा. नांगर वाऱ्यासाठी असतो, चक्रीवादळासाठी नव्हे. होडी पुन्हा बांधता येते.

आता माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात किनाऱ्यावरची आमची मुले घरच्या होडीची साखळी आणि दोर मोजतात, झिजलेली जागा खडूने खूण करून ठेवतात आणि वहीत नोंद करून आणतात. गेली काही वर्षे हा उपक्रम आम्ही चालवीत आहोत. मुले मोजू शकतात. विकत घेऊ शकत नाहीत. सहा मीटर साखळी, एक शॅकल आणि एक धातूचे कडे यांचा खर्च फार मोठा नाही. शाळेला ढाल, चषक वा भिंतीवरचे घड्याळ भेट देण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल, त्यांनी त्याऐवजी एखाद्या घरची ही सोय करावी. आणि जे विद्यार्थी आज जहाजांवर किंवा बंदरांत काम करतात, त्यांनी सुटीत एक दिवस वसतिगृहात येऊन मुलांना दोराचा सांधा विणायला शिकवावे. तीन पेड, पाच-सहा फेरे, पाऊण तासाचे काम आहे. दोर आणि मुले आम्ही तयार ठेवू.